पुणे जिल्ह्यात पिरंगुटजवळच्या उताराच्या जमिनीवर ओढा आणि झाडं राखून वसाहत कशी आखावी?

सहा एकर उतार, मधून पावसाळी ओढा, काठाला जुने करंज-उंबर, आणि २५ घरं बसवायची आहेत, असं तुम्ही विचारलंय. घरांचं ड्रॉइंग सध्या बाजूला ठेवा. आधी सर्व्हेअरकडून उंचीच्या दर अर्ध्या मीटरला एक रेष दाखवणारा कंटूर नकाशा करून घ्या आणि त्यावर प्रत्येक झाड छातीच्या उंचीवरचा घेर मोजून, नंबर टाकून दाखवायला सांगा. ओढ्याची रुंदी मे महिन्यात ठरवू नका. काठावरच्या झुडपांत अडकलेला काडीकचरा बघा, पुराचं पाणी कुठवर चढतं ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि त्या रेषेच्याही बाहेर घरं ठेवा. पुण्यातल्या आंबिल ओढ्याला २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पूर येऊन घरांत पाणी शिरलं, ते तिथे कुणी विसरलेलं नाही. १:५ (पाच मीटरला एक मीटर चढ) पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम नियमातच बसत नाही. तो पट्टाही आधीच वगळा. उरलेल्या जागेत २५ सुटे बंगले मावत नसतील तर जोडबंगले करा. माझ्या मते तेच बरं.

झाडं तोडल्यामुळे जातात त्याहून जास्त भरावामुळे जातात. खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ मोकळं ठेवायचं. घेर १५० सेंमी असेल तर व्यास साधारण ४८ सेंमी, म्हणजे वर्तुळाची त्रिज्या पावणेसहा मीटर. काम सुरू व्हायच्या आधी तिथे पत्र्याचं कुंपण घाला: आत जेसीबी नाही, खडी नाही, राडारोडा नाही. अन्न घेणारी मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांत असतात. त्यावर फूटभर मुरूम टाकून रोलर फिरवला की त्यांची हवाच बंद होते. झाड लगेच मरत नाही. दोन-तीन वर्षांनी शेंड्याकडून वाळत येतं. तोवर ठेकेदार बिल घेऊन गेलेला असतो. ड्रेनेजची लाईन वर्तुळातून न्यावीच लागली तर कुदळीने हातखोदाई करा आणि पाइप जाड मुळांच्या खालून काढा.

रस्ते कंटूरला धरून काढा; डोंगर घरांपेक्षा रस्त्यांसाठीच जास्त कापला जातो. कापलेल्या बाजूच्या भिंतीत दर दीड मीटरला वीप होल (पाणी बाहेर पडायची भोकं) आणि मागे खडीचा थर हवाच, नाहीतर ऑगस्टपर्यंत मागची माती पाणी पिऊन भिंत ढकलायला लागते. जलसंधारणाच्या उत्साहात घराच्या थेट वर चर मात्र खणू नका. मुरलेलं पाणी पायाशीच येतं.

सावलीबाबत परदेशी पुस्तकांवर जाऊ नका. पश्चिमेला पानगळीची झाडं लावा, हा सल्ला थंड प्रदेशातला आहे. आपल्याकडे पळस, पांगारा, काटेसावर नेमके फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडेबोडके होतात. बहावाही भर उन्हाळ्यात फुलांनी पिवळा, पण सावली नाही. पश्चिमेच्या भिंतीपुढे कडुलिंब, करंज, जांभूळ लावा; कडुलिंब-करंजांची नवी पालवी उन्हाच्या आधी येते. फुलांची झाडं रस्त्याकडेला शोभतील. वड-पिंपळ घरापासून किमान १५ मीटर लांब, आणि काळी माती असेल तर पाया खालच्या मुरमापर्यंत न्याच. मेच्या मध्यावर दुपारी सूर्य पुण्यात बरोबर डोक्यावर असतो, त्यामुळे झाडं कितीही असली तरी स्लॅबवर चायना मोझॅक (पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचा थर) किंवा पांढरा लेप लागेलच.

राहता राहिलं लॉन. उन्हाळ्यात चौरस मीटरला दिवसाला ४-५ लिटर पाणी धरा. ५०० चौरस मीटर लॉन म्हणजे रोज दोन-अडीच हजार लिटर, म्हणजेच दर चार-पाच दिवसांनी दहा हजारी टँकर. मुलांना खेळायला जागा हवी असेल तर मुरमाचं मैदान करा.