माशाचा काटा घशात अडकला, भाताचा गोळा गिळू का?

नका गिळू. आमच्या घरीही पेडव्याचा काटा लागला की आजी कोरड्या भाताचा गोळा किंवा केळं पुढे करायची. बारीक काटा कधी कधी त्याने निघतोही, पण रुतलेला असेल तर तोच गोळा त्याला आणखी आत ढकलतो. बोटं घालून ओकारी काढणंही टाळा.

काटा बहुतेक वेळा टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी रुततो. कान-नाक-घसा तज्ज्ञ उजेडात पाहून तो चिमट्याने काढतात, बरेचदा पाचेक मिनिटांत. तिथे दिसला नाही तर दुर्बिणीने शोधतात. साध्या एक्स-रेत माशाचा काटा अनेकदा दिसतच नाही, अशा वेळी सीटी स्कॅन लागतो. कधी काटा खाली गेलेला असतो, फक्त ओरखडा टोचत राहतो. ते दुखणं एक-दोन दिवसांत ओसरतं.

दुखणं वाढलं, ताप आला, मान सुजली, थुंकीही गिळवेना, छातीत किंवा पाठीत कळ आली किंवा रक्त पडलं तर लगेच मोठ्या रुग्णालयात जा. अन्ननलिकेला भोक पडून गळ्यात किंवा छातीत पू होऊ शकतो आणि ते जिवावर बेतू शकतं. श्वास अडत असेल तर थेट १०८.

घशात अडकण्याचाच विषय निघाला म्हणून, घरात लहान मूल असेल तर एक कळकळीची विनंती: रिमोटमधली बटणासारखी बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली तरी थांबू नका, लगेच रुग्णालयात न्या. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजते.