शाळेच्या ग्रंथालयाचा कॅटलॉग ऑनलाइन केला तर नेमकं काय मिळतं आणि काय बिघडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: शाळेत सात-आठ हजार पुस्तकं आहेत, दाखल नोंदवही आणि कार्डांवर सगळं चाललंय, आता वरून कॅटलॉग ऑनलाइन करायचा आग्रह होतोय. त्यात खरंच अर्थ आहे की नुसता दिखावा? मी शाळेच्याच ग्रंथालयात आहे. आधी कार्डांवर काम केलं, आता बरीच वर्षं ऑनलाइन.

अर्थ आहे. पण तुम्हाला पहिला फायदा सांगतील तो ‘मुलं घरबसल्या पुस्तक शोधतील’ हा, आणि तो सगळ्यात किरकोळ आहे. घरून कॅटलॉग उघडणारी मुलं मी बोटांवर मोजून दाखवीन.

खरा फायदा कुठे आहे ते पाण्याच्या उदाहरणावरून सांगते. एका बाईंना वर्गासाठी ‘पाणी’ या विषयावर मिळेल ते हवं होतं. ड्युई वर्गीकरणात, म्हणजे विषयाप्रमाणे पुस्तकाला आकडा देऊन कपाटातली जागा ठरवायच्या पद्धतीत, जलविज्ञान ५५१.४८ ला, पाण्याचं रसायनशास्त्र ५४६.२२ ला, पाणीपुरवठा ६२८.१ ला आणि पोहणं ७९७.२ ला. शिवाय विहिरीवरची गोष्ट कथांच्या कपाटात. पुस्तक बिचारं एकाच जागी उभं राहू शकतं. कार्डांच्या जमान्यात प्रत्येक विषयासाठी वेगळं कार्ड लिहावं लागायचं, त्यामुळे एका पुस्तकाला दोनच्या वर विषय द्यायला कुणाचाही हात धजत नसे. ऑनलाइन नोंदीत सहा विषय द्या, फक्त टंकायचा त्रास. त्या बाईंना दोन मिनिटांत चार कपाटांतली अकरा पुस्तकं काढून दिली. कार्डांवर हे मला जमलं असतं, पण माझ्या आठवणीच्या जोरावर. मी रजेवर असते तर नसतं जमलं.

बाकीचे फायदे भराभर सांगते. पुस्तक कुणाकडे आहे, कधी परत येणार हे लगेच कळतं. राखून ठेवता येतं. साठा पडताळणीला बारकोड वाचायचं यंत्र घेऊन कपाटापुढून फिरलं की झालं, पूर्वी दोघांना आठवडे लागायचे. आणि पाच वर्षांत एकदाही बाहेर न गेलेली पुस्तकं एका यादीत निघतात, ती बघताना आपल्याच खरेदीची जरा लाज वाटते.

आता उणिवा. सहावीतली एक मुलगी पडद्यासमोर बसली, ‘डायनोसर’ लिहिलं, उत्तर आलं ‘शून्य नोंदी’. ‘नाहीये पुस्तक’, म्हणाली आणि निघाली. ५६७.९ चा कप्पा तिच्यापासून आठ पावलांवर होता आणि तिथे पाच पुस्तकं होती. आमच्या नोंदींत कुठे ‘डायनासोर’ होतं, कुठे ‘डायनॉसॉर’. पुस्तकाच्या आतल्या शीर्षकपानावर जसं छापलंय तसंच लिहायचं हा कॅटलॉगचा नियम आम्ही इमानदारीने पाळला होता. कार्डांच्या खणात ‘डा’पर्यंत बोट गेलं की आजूबाजूची सगळी स्पेलिंगं आपोआप दिसायची. पडदा आजूबाजूचं दाखवत नाही.

मराठीत हे दुखणं जास्तच. ‘ॲटलस’ घ्या. त्यातलं ‘ॲ’ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी ‘अ’ लिहून त्यावर ‘ॅ’ चढवायचे आणि अजूनही कित्येक कीबोर्ड तसंच करतात. डोळ्याला दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. आमच्या चार ॲटलसांपैकी दोन ग्रंथालयातल्या संगणकावरून सापडायचे आणि उरलेले दोन माझ्या फोनवरून. हे कोडं सुटायला मला एक अख्खी दुपार लागली.

उपाय आहे, पण तो हातानेच करायचा. मार्क ही नोंदींची जगभर चालणारी पद्धत आहे, तिच्यात २४६ क्रमांकाचा रकाना शीर्षकाच्या पर्यायी रूपांसाठीच ठेवलेला आहे. तिथे दुसरी स्पेलिंगं भरा. आणि शोधायच्या संगणकाशेजारी एक वही ठेवा, ‘मी काय शोधलं आणि मिळालं नाही’ एवढाच मथळा. माझ्या वहीने मला एक गोष्ट शिकवली, ती कुठल्याच प्रशिक्षणात कानावर आली नव्हती: मुलं शब्द शोधत नाहीत, आख्खं वाक्य लिहितात. ‘मला भुताची घाबरवणारी गोष्ट पाहिजे’. बऱ्याच कॅटलॉगांत लिहिलेले सगळे शब्द नोंदीत असावे लागतात, म्हणजे जितकं जास्त समजावून सांगाल तितकं कमी मिळेल. गुगलवर वाढलेल्या मुलाला हे उलटं वाटणारच. आता मी प्रत्येक इयत्तेला वर्षाच्या सुरुवातीला एक तास फक्त ‘एकच शब्द लिहा’ हे शिकवते.

नोंदी आयत्या घेण्याबद्दलही सावध राहा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला त्याचा ओळख क्रमांक, टाकला की दुसऱ्या ग्रंथालयाची नोंद आपल्याकडे उतरते, इंग्रजी पुस्तकांना हे वरदान आहे. मराठी पुस्तकाची नोंद परदेशी ग्रंथालयातून आली तर शीर्षक बहुधा रोमन लिपीत येतं, अक्षरांच्या डोक्यावर आणि पायाशी चिन्हं लावून. ते कुठलं मूल शोधणार? शिवाय खूप जुन्या पुस्तकांवर आयएसबीएन नसतोच.

‘उपलब्ध’ या शब्दावर तर मुळीच विसंबू नका. देवघेवीच्या टेबलावर शेवटी काय घडलं एवढंच कॅटलॉगला ठाऊक असतं. कुणी पुस्तक वाचून भलत्याच कपाटात खुपसलं तर पडद्यावर ते उपलब्धच राहतं. तीन वेळा असं झालं की मुलं कॅटलॉग बघणंच सोडतात, आणि गेलेला विश्वास परत यायला वर्ष जातं.

एका गोष्टीकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. कोणत्या मुलाने काय वाचलं हे सगळं प्रणालीत साठत जातं. एकदा एका शिक्षकांनी सहज म्हणून एका मुलाची यादी मागितली. त्या मुलाने तेव्हा मनाच्या आजारांवरची दोन पुस्तकं नेली होती. मी यादी दिली नाही. पण माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर? पुस्तक परत आल्यावर वाचकाचं नाव त्या व्यवहारापासून तोडायची सोय काही प्रणालींत असते, कोहा नावाच्या प्रणालीत आहे. पहिल्याच दिवशी ती चालू करून घ्या.

कोहाचा विषय निघालाच आहे तर सांगते. ही प्रणाली न्यूझीलंडमध्ये १९९९ साली बनवायला घेतली, नावाचा माओरी भाषेतला अर्थ ‘भेट’. मुक्त स्रोत आहे, परवान्याचे पैसे नाहीत, पण सर्व्हर सांभाळायला जाणता माणूस लागतो, तो फुकट मिळत नाही. आमची पहिली प्रणाली वेगळी होती, नाव घेत नाही. ती सोडताना कळलं की आमच्याच नोंदी मार्क स्वरूपात बाहेर काढायची सोय तिच्यात नव्हती. हजारो नोंदी पुन्हा टंकल्या. तुम्ही काहीही घ्या, पण करारावर सही करण्याआधी शंभर नोंदी भरून त्या बाहेर काढून दाखवायला सांगा. दाखवता आलं नाही तर उठून या.

सगळी पुस्तकं एकदम चढवू नका. आधी एकच कपाट करा आणि पाचवी-सहावीतली मुलं शोधायला बसवा. तुम्ही मागे उभं राहून फक्त बघा, मध्ये बोलू नका. (अवघड जातं.)

आणि कार्डं लगेच रद्दीत घालू नका. आमच्या कार्डांच्या मागे आधीच्या ग्रंथपालांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहून ठेवलेलं असतं: ‘मुलं याला हाडांचं पुस्तक म्हणतात’, ‘जोशीसर मागतात ते हेच, नकाशांचं’. नोंदी करताना आम्ही कार्डाची पुढचीच बाजू बघितली होती. आता ते मागचे शब्द एकेक करून टीपेच्या रकान्यात भरतेय, निम्मी कार्डं अजून राहिलीत.