चाळीस टक्के स्कॉलरशिप घ्यावी की कॅपची जागा?

विट्याहून एका आईने लिहिलं आहे. लेकीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचं आहे. पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठाने तिला ट्यूशन फीवर ४० टक्के स्कॉलरशिप देऊ केली आहे आणि जागा पक्की करायला शनिवारपर्यंत ५० हजार भरायला सांगितलं आहे. कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत तिला कोल्हापूरच्या एका विनाअनुदानित कॉलेजात हीच शाखा मिळाली आहे. वडील पतसंस्थेत नोकरीला, आई शिवणकाम करते, दोघांचं मिळून वार्षिक उत्पन्न ६ लाख २० हजार. प्रवर्ग ओबीसी, नॉन-क्रीमी लेयर आणि जात वैधता, दोन्ही प्रमाणपत्रं हातात आहेत. धाकटा मुलगा आठवीत. जवळ ५ लाखांची एफडी, थोडं पीपीएफ आणि बारा तोळे सोनं. शेवटी त्या विचारतात, लेकीने स्वतःच्या हुशारीवर मिळवलेली स्कॉलरशिप आम्ही पैशासाठी सोडली, असं तिला पुढे वाटेल का?

ताई, आधी उत्तर सांगतो, मग हिशेब. शनिवारी ५० हजार भरू नका. कोल्हापूरची जागा मुदतीत स्वीकारा. पुढच्या फेरीत वरच्या पसंतीचं कॉलेज मिळावं असं वाटत असेल तर बेटरमेंटचा पर्याय घ्या, पण हातातली जागा सोडू नका.

तुमच्या पत्रात एक गोष्ट आलेलीच नाही, आणि माझ्या दृष्टीने सगळा निर्णय तिच्यावर आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, २०२४-२५ पासून, ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे अशा ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. पूर्वी ही सवलत निम्मी होती. विनाअनुदानित कॉलेजांनाही ती लागू आहे, मात्र प्रवेश कॅपमधून झालेला हवा. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळली आहेत. म्हणजे तुमच्या लेकीच्या हातात आज दोन सवलती आहेत, एक ४० टक्क्यांची आणि एक शंभर टक्क्यांची. पहिलीचं पत्र छान छापून घरी आलं, दुसरीबद्दल तुम्हाला कोणी सांगितलंच नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी पालकांचं असंच होतं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण कळतं तेव्हा मुदत गेलेली असते.

आता तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरून हिशेब. पुण्यातली ट्यूशन फी वर्षाला ३ लाख, दरवर्षी ५ टक्के वाढ. इतर फी २५ हजार, हॉस्टेल आणि मेस १ लाख ४० हजार. स्कॉलरशिप चारही वर्षं टिकली तरी ट्यूशनचे ७ लाख ७६ हजार होतात. बाकीचं धरून १४ लाख ३६ हजार. हॉस्टेलची वाढ मी यात धरलेलीच नाही.

आणि स्कॉलरशिप टिकेलच असं नाही. ऑफर लेटरचं दुसरं पान पुन्हा वाचा. दरवर्षी ८.५ सीजीपीए (दहापैकी सरासरी गुणांक) हवा आणि एकही बॅकलॉग, म्हणजे राहिलेला विषय, नको, अशी अट आहे. विट्याहून पुण्याला गेलेली मुलगी, पहिल्यांदा घराबाहेर, पहिल्या सेमिस्टरला एम-वन (गणिताचा पहिला पेपर) किंवा मेकॅनिक्ससारख्या एखाद्या विषयात अडकली, तर ते तिच्या हुशारीवर बोट नव्हे, भल्याभल्यांचं होतं. पण दुसऱ्या वर्षापासून पूर्ण फी लागली तर एकूण खर्च १८ लाख ३३ हजारांवर जातो. एका विषयामुळे चार लाख. असं दडपण घेऊन तिने शिकावं असं मला वाटत नाही. विद्यापीठाला एवढंच विचारा: गेल्या वर्षी पहिल्या वर्षाला स्कॉलरशिप मिळालेल्यांपैकी किती जणांची दुसऱ्या वर्षी चालू राहिली? उत्तर लेखी मागा.

कोल्हापूरची फी १ लाख ३० हजार आहे. त्यातले १ लाख १३ हजार ट्यूशनचे, ते माफ. १७ हजार डेव्हलपमेंट फी तुम्हाला भरावी लागेल, शिवाय जिमखाना, विमा, डिपॉझिट वगैरे मिळून तुम्ही लिहिलेले ८ हजार. म्हणजे वर्षाला २५ हजार. हॉस्टेल-मेस एक लाख. चार वर्षांचे ५ लाख. थोडी महागाई धरून साडेपाच म्हणू. ओबीसी विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवणासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी. अर्ज जरूर करा, पण प्रत्येक जिल्ह्यात संख्या ठरलेली असते, म्हणून ते पैसे मी हिशेबात धरत नाही.

फरक किमान ९ लाखांचा आहे. तो कुठून यायचा? तुमचे यजमान शैक्षणिक कर्ज म्हणतात. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बँका बहुधा तारण मागतात, म्हणजे घराची कागदपत्रं जातील. ९ लाख चार वर्षांत समान हप्त्यांनी उचलले, १० टक्के व्याज आणि शिक्षणानंतर एक वर्ष सवलतीचं धरलं, तर परतफेड सुरू होताना देणं सव्वाबारा लाखांच्या आसपास झालेलं असेल, आणि महिन्याला साधारण १६ हजारांचा हप्ता दहा वर्षं. लेक तेव्हा तेवीस वर्षांची असेल, फिटेल तेव्हा तेहतीसची. पहिली नोकरी, लग्न, कदाचित पुढचं शिक्षण, सगळं त्या हप्त्याच्या सोबतीने.

करात वाचतील, असंही कोणीतरी सांगितलेलं दिसतंय. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची वजावट फक्त जुन्या कररचनेत मिळते, आणि तुमच्या उत्पन्नावर नव्या रचनेत करच लागत नाही. मग वाचणार काय? पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेत ८ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, व्याजात ३ टक्के सवलत आहे आणि तारणही लागत नाही. पण ती ठरावीक संस्थांपुरतीच आहे. हे विद्यापीठ त्या यादीत आहे का, ते पोर्टलवर पाहा. असलं तरी माझं मत बदलत नाही, कारण मुद्दल ९ लाखच राहतं.

मुलाचा विचार मी मुद्दाम करतोय, कारण पत्रात तो एका ओळीत आला आहे. शंभर टक्के माफी मुलींना आहे. ओबीसी मुलांना आजच्या नियमाने ट्यूशन फीच्या निम्मीच मिळते. म्हणजे चार-पाच वर्षांनी त्याच्या वेळी तुमच्या खिशातून जास्त पैसे जाणार आहेत. ५ लाखांची एफडी आज लेकीच्या पुण्याच्या फीत गेली तर त्याच्यासाठी पुन्हा कर्ज. त्याच्या वेळी टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी माफीची योजना) लक्षात ठेवा: प्रत्येक शाखेत ५ टक्के जादा जागा, उत्पन्नाची मर्यादा तीच ८ लाख, ट्यूशन फी पूर्ण माफ, जातीची वा मुलगा-मुलगी अशी अट नाही. त्या जागेवर गेल्यावर कॉलेज मात्र बदलता येत नाही.

पुण्याच्या बाजूनेही काही आहे, ते मी झाकून ठेवणार नाही. कंपन्या जवळ आहेत, इंटर्नशिप सोपी जाते, मुलं बाहेरच्या जगाला लवकर भिडतात. प्लेसमेंट खरोखरच खूप चांगली असेल तर ९ लाखांचा विचार करावासा वाटेल. पण त्यासाठी जाहिरातीतलं सर्वांत मोठं पॅकेज पाहू नका. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना नोकरी लागलेल्यांची संख्या आणि मध्यक पगार (सगळे पगार ओळीने लावल्यावर मधोमध येणारा) जाहीर करावा लागतो. दोन्ही ठिकाणचे आकडे शेजारी ठेवा. पगारात महिन्याला १६ हजारांहून मोठा फरक, तोही सर्वसाधारण विद्यार्थ्याच्या बाबतीत, दिसला तरच मला पुन्हा लिहा.

लेकीला काय वाटेल, हे तिला समोर बसवून, हा हिशेब तिच्याच हातात देऊन विचारा. अठरा वर्षांची मुलगी आहे, तिला सीजीपीएची अटही कळते आणि हप्ताही. तिने मिळवलेले गुण कुठेही जात नाहीत, त्याच गुणांवर तिला कॅपची जागा मिळाली. आणि वाचलेल्या पैशांतला एक भाग तिचाच ठेवा: चांगला लॅपटॉप, तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत पुण्यात इंटर्नशिप करताना राहण्याचा खर्च. पुढे गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.टेक.ला गेली तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन असतं, तेव्हा घरावर भार येत नाही.

घाईत एक चूक मात्र होऊ देऊ नका. कॅपची जागा सोडून नंतर त्याच कोल्हापूरच्या कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थास्तरावरच्या फेरीतून प्रवेश घेतला तर माफी मिळणार नाही. ही वाट परतीची नाही. विद्यापीठाचे पैसे एक वेळ परत मिळतात. यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) फी परताव्याच्या तारखा ठरवून देतं, २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण परतावा होता, आणि मूळ कागदपत्रं अडवून ठेवायला मनाई आहे. यंदाच्या तारखा तपासा. तरीही परत मागायची वेळच येऊ नये, म्हणून शनिवारचे ५० हजार नकोत.

प्रवेश झाला की महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर फी माफीचा अर्ज लगेच भरा आणि दरवर्षी नूतनीकरण करा. लेकीचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना, ते आजच बघा. बऱ्याच जणांचं तिथेच अडतं. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, दोघांचं उत्पन्न धरून घेतलेला हवा. पात्र मुलींकडून प्रवेशाच्या वेळी माफ असलेली फी घेऊ नये, अशी सरकारची सूचना आहे. कॉलेजने "आधी भरा, मग परत देऊ" म्हटलं तर शासन निर्णयाची प्रत दाखवा आणि जे काही भराल त्याची बाबवार पावती घ्या.

सोन्याला हात लावायची गरज या हिशेबात कुठेच येत नाही.