४३२ कोटी की १९७ कोटी?

प्रश्न : ब्रह्मदेवाचा दिवस, म्हणजे कल्प, ४३२ कोटी वर्षांचा. शास्त्रज्ञ पृथ्वीचं वय ४५४ कोटी सांगतात. म्हणजे पुराणांना ते आधीच ठाऊक होतं, असं नववीच्या वर्गात सांगू का? नसेल तर घरी पूजेत संकल्प म्हणणं खोटेपणाचं नाही का?
– एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : सांगू नका. हा मेळ पुराणांच्याच हिशोबात बसत नाही. ४३२ कोटी ही कल्पाची पूर्ण लांबी. त्यातला किती काळ सरला, ते त्या संकल्पातच आहे : श्वेतवाराहकल्प (चालू कल्प), वैवस्वत मन्वंतर (म्हणजे सातव्या मनूचा काळ), अठ्ठाविसावं कलियुग. फळ्यावर मांडा. सहा मन्वंतरं, प्रत्येकी ३०,६७,२०,००० वर्षं. सात संधी, म्हणजे मन्वंतरांच्या आधी-मधी येणारे काळ, प्रत्येकी १७,२८,०००. सत्तावीस महायुगं (चार युगं मिळून एक), प्रत्येकी ४३,२०,०००. वर चालू महायुगातली कृत, त्रेता, द्वापर मिळून ३८,८८,०००. बेरीज १९७,२९,४४,०००, कलीची पाच हजारांवर वर्षं वेगळी. संधी धरायच्या राहिल्या की सव्वा कोटीच्या आसपास तूट येते, तेवढं बघा. पंचांगात १९५ कोटींचा आकडा दिसला तर ती छपाईची चूक नव्हे : सूर्यसिद्धांत हा जुना ज्योतिषग्रंथ सृष्टी घडवण्यात गेलेली १,७०,६४,००० वर्षं वजा करतो.

मग एवढे मोठे आकडे कशाला? ग्रहगणितासाठी. ग्रहांच्या फेऱ्या अपूर्णांकाशिवाय मांडता याव्यात एवढा काळ हवा होता. सूर्यसिद्धांतात महायुगात शनीच्या १,४६,५६८ फेऱ्या आहेत. ४३,२०,००० ला त्याने भागा, २९.४७ वर्षं येतात. आजचा आकडा २९.४६. मुलांना थक्क करायचंच असेल तर हे दाखवा, हे खरं आहे.

४५४ कोटींची वाट निराळी. युरेनियमचं शिसं होतं. युरेनियम-२३८ निम्मं व्हायला ४४७ कोटी वर्षं लागतात, युरेनियम-२३५ ला ७० कोटी. पृथ्वीवरचे सुरुवातीचे खडक वितळून गेलेत, म्हणून क्लेअर पॅटरसन या भूरसायनशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये उल्कापाषाणांतलं शिसं मोजलं आणि ४५५ कोटी काढले. खडक पुन्हा तापला की शिसं निसटतं आणि वय कमी दिसतं. दोन्ही युरेनियमची घड्याळं ताडून पाहायची ती यासाठी.

राहिला संकल्प. त्यात 'गोदावर्याः दक्षिणे तीरे'ही असतं. यजमान कुठे, कधी बसलाय याचा तो पत्ता, भूगर्भशास्त्राचं विधान नाही. खुशाल म्हणा.