कॅरिबियन वसाहतींची रेव्हेन्यू आणि पोस्टेज ड्यू तिकिटं जमवण्यात अर्थ आहे का? सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की ब्रिटिश वेस्ट इंडीजची जुनी टपाल तिकिटं आता परवडत नाहीत. पण त्याच बेटांची पेनाने खोडलेली रेव्हेन्यू (कर भरल्याची) तिकिटं आणि नुसता आकडा असलेली पोस्टेज ड्यू (कमी पडलेले टपालाचे पैसे पत्र पोहोचल्यावर वसूल करण्याची) तिकिटं स्वस्तात मिळतात, म्हणून ती घ्यावीत का आणि कोणत्या बेटापासून सुरू करावं, असं तुम्ही विचारलंय.

जरूर घ्या. मी हाच संग्रह करतो आणि मला तो नेहमीच्या टपाल तिकिटांपेक्षा जास्त आवडतो. फक्त एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळा: सुट्या तिकिटामागे धावू नका, तिकीट ज्या कागदावर लागलं तो कागद मिळवा. पावती, खरेदीखत, जकातीचा कागद, नॉटपेड (पुरेसं तिकीट न लावलेलं) पाकीट, काहीही चालेल. या तिकिटांचं काम टपालाच्या खिडकीवर विकलं जाण्यापुरतं नव्हतं. ती कोणाकडून तरी पैसे वसूल झाल्याचा पुरावा होती, आणि तो पुरावा कागदासकटच वाचता येतो.

आपल्याकडे पावतीवर रेव्हेन्यू तिकीट चिकटवून वर सही करायची सवय आहे, त्यामुळे पहिला प्रकार ओळखीचा वाटेल. दुसरा तितका ओळखीचा नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात नॉटपेड पत्रावर शिक्का मारून पोस्टमन पैसे घ्यायचा, त्यासाठी वेगळं तिकीट छापलेलं नव्हतं. गोव्यात मात्र पोर्तुगिजांनी 1904 मध्ये ‘पोर्तेआदो’ असं छापलेली खास तिकिटं काढली होती. कॅरिबियन बेटांवरची पोस्टेज ड्यू तिकिटं याच जातीची.

रेव्हेन्यूची बाजू जास्त रंजक आहे, कारण तिकडे टपाल आणि कर यांची सरमिसळ फार झाली. टोबॅगोचं उदाहरण घ्या. 1879 मध्ये त्या बेटाची पहिली तिकिटं आली ती मुळात कराच्या कामासाठी: 1 पेनी, 3 पेनी, 6 पेनी, 1 शिलिंग, 5 शिलिंग आणि चक्क 1 पौंड. ‘पोस्टेज’ लिहिलेली तिकिटं लंडनहून येईपर्यंत हीच पत्रांवर लावायला परवानगी मिळाली. पुढच्या वर्षी पेनीची तिकिटं कमी पडली तेव्हा 6 पेनीचं तिकीट अर्धं कापून त्यावर शाईने ‘1डी’ (म्हणजे 1 पेनी) लिहून चालवलं. ग्रेनाडाने 1883 मध्ये मुकुट आणि ‘वन पेनी’ छापलेल्या नारिंगी रेव्हेन्यू तिकिटावर ‘पोस्टेज’ शब्द ठोकला, आणि ती तिकिटंही तिरपी कापून अर्ध्या पेनीला वापरली. छोटं बेट, लंडनच्या छापखान्यापासून समुद्रापलीकडे. साठा संपला की हाताशी असेल त्यावर भागवायचं. अशा अडचणीच्या वेळची तिकिटं मला सगळ्यात प्रिय आहेत.

ब्रिटनमध्ये 1881 मध्ये एकाच तिकिटावर टपाल आणि महसूल दोन्ही चालवायचं ठरलं, आणि वसाहतींतही ‘पोस्टेज अँड रेव्हेन्यू’ लिहिलेली तिकिटं रुळली. यातून एक अडचण उभी राहिली. दस्तऐवजावर तिकीट पेनाने खोडायचे, आणि पेनाची शाई धुऊन तेच तिकीट पुन्हा वापरता येत होतं. म्हणून डे ला रू ही लंडनची छपाई कंपनी ही तिकिटं मुद्दाम कच्च्या शाईत छापायची, विशेषतः जांभळ्या आणि हिरव्या. खोडलेलं पुसायला गेलं की राणीचं तोंडही फिकं पडतं. विकत घेताना हे विसरू नका. मोठ्या किमतीचं तिकीट टपालाच्या शिक्क्यासह महाग जातं, पेनाने खोडलेलं त्याच्या अगदी थोड्या भागात मिळतं. त्यामुळे पेनाची रेघ धुऊन वर खोटा शिक्का मारण्याचा धंदा जुना आहे. जांभळा रंग धुवट दिसला, कागदाची चकाकी गेलेली वाटली, किंवा तिरप्या उजेडात निबाचा ओरखडा दिसला तर तिकीट परत करा. ‘मादाम जोसेफ’ या नावाने ओळखले जाणारे बनावट शिक्के तर इतके सफाईदार आहेत की ते लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीने अभ्यासासाठी जपून ठेवलेत. कॅरिबियन वसाहतींचे शिक्केही त्यांत आहेत. म्हणून मी म्हणतो, प्रामाणिक पेनाची रेघ असलेलं तिकीट अभिमानाने घ्या. ते कसं वापरलं गेलं हे त्यावर स्वच्छ लिहिलेलं असतं.

याच कारणाने अशी तिकिटं पाण्यात भिजवून सोडवू नका. रंग उतरेल, आणि कागद हातचा जाईल तो वेगळाच.

आता पोस्टेज ड्यू. दिसायला ती साधी: चौकट, बेटाचं नाव, मधे आकडा. त्रिनिदादने 1885 पासून काळपट रंगात ‘सरचार्ज पोस्टेज’ लिहिलेली तिकिटं काढली आणि तोच साचा अनेक दशकं चालवला. वरून सगळी सारखी, फरक वॉटरमार्कमध्ये, म्हणजे कागदातच उमटलेल्या खुणेत. आधी एकेरी क्राउन सीए (मुकुट आणि ‘सीए’ ही अक्षरं), 1905 च्या सुमारास मल्टिपल क्राउन सीए (तीच खूण पुन्हा पुन्हा), 1923 पासून स्क्रिप्ट सीए (अक्षरं वळणदार), आणि 1947 मध्ये पेनीऐवजी सेंट. एवढी एकच मालिका नीट लावली तर वॉटरमार्क वाचायला हात तयार होतो. ग्रेनाडाची 1892 ची काळी तिकिटं आहेत. बार्बाडोसची 1934 ची अर्धा, 1 आणि 3 पेनीची आहेत. त्यातलं 1 पेनीचं अर्धं कापून वापरलेलं पाकिटावर मिळालं तर भाग्य. ब्रिटिश गयानाची 1940 ची चार तिकिटं 1, 2, 4 आणि 12 सेंटची.

सेंट लुशियाने मात्र सगळ्यांपेक्षा वेगळं केलं. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या सरकारी छापखान्याने खिळे (छपाईची सुटी अक्षरं) जुळवून 1 पेनी निळ्या कागदावर आणि 2 पेनी पिवळ्या कागदावर छापली, आणि प्रत्येक तिकिटावर अनुक्रमांकाचा शिक्का मारला. काही वर्षांत डे ला रूची ठरावीक नमुन्याची तिकिटं आली आणि ही घरगुती छपाई थांबली. ही तिकिटं हातात घेतली की त्या छोट्या छापखान्यातला जुळारी डोळ्यासमोर येतो.

स्वस्तात शोधाशोध करायची असेल तर 1950 च्या दशकाच्या सुरुवातीची, चॉकी (खडूचा लेप दिलेल्या) कागदावरची ड्यू तिकिटं उलटी करून बघा. बार्बाडोस आणि ब्रिटिश गयानाच्या या तिकिटांत वॉटरमार्कमधला मुकुट गायब असलेली किंवा चुकून सेंट एडवर्ड्स क्राउन हा वेगळ्या नमुन्याचा मुकुट बसलेली उदाहरणं आहेत. पुढून काहीच कळत नाही, त्यामुळे विकणाऱ्यानेही बरेचदा पाहिलेलं नसतं. काळ्या ताटलीत तिकीट उलटं ठेवून वॉटरमार्क फ्लुइडचे दोन थेंब टाका, पाणी नको.

पाकीट घेताना हिशेब जुळतो का ते तपासा. परदेशी पत्राला तिकीट कमी असेल तर जितकं कमी त्याच्या दुप्पट दंड, आणि ‘टी’ अक्षराच्या शिक्क्याशेजारी रक्कम बरेचदा सेंटीम या फ्रेंच नाण्यात लिहिलेली. 10 सेंटीम म्हणजे साधारण 1 पेनी. पत्र 1 पेनीने कमी पडलं असेल तर 20 सेंटीम, आणि पोहोचल्यावर 2 पेनीचं ड्यू तिकीट. हिशेब लागत नसेल, किंवा ड्यू तिकीट शिक्क्याने पाकिटाला ‘बांधलेलं’ (शिक्का तिकिटावर आणि पाकिटावर दोन्हीकडे आलेला) नसेल, तर ते नंतर चिकटवलेलं असू शकतं.

आपल्या बाजूने एक शोध घेण्यासारखा आहे. त्रिनिदादला 1845 मध्ये ‘फतेल रझाक’ जहाज पोहोचलं तेव्हापासून 1917 पर्यंत गिरमिटाखाली माणसं गेली, बहुतेक भोजपुरी मुलखातली, कलकत्त्याहून. हिंदुस्थानातून त्रिनिदाद किंवा गयानाला गेलेलं कमी तिकिटाचं, तिथल्या ड्यू तिकिटासह पाकीट कुठल्याही जुडग्यात दिसलं, तर फाटकं असलं तरी घ्या.

कॅटलॉगबद्दल थोडक्यात: स्टॅन्ली गिबन्सच्या कॅटलॉगमध्ये ड्यू तिकिटं आणि टपालाला चाललेली रेव्हेन्यू मिळतील, निव्वळ रेव्हेन्यूसाठी बेअरफूटचा कॅटलॉग लागेल. ब्रिटिश वेस्ट इंडीज स्टडी सर्कल ही अभ्यासकांची संस्था आहे, सभासद व्हायला हरकत नाही. पावसाळ्यात मुंबई-कोकणात जुना डिंक चिकटतो आणि तपकिरी डाग पडतात, तेव्हा अल्बम उभे ठेवा, कपाटात सिलिका जेल ठेवा.

बेट कोणतं? मी ग्रेनाडा सुचवेन. रेव्हेन्यूवर ‘पोस्टेज’, कापलेली अर्धी, 1892 ची ड्यू, शिवाय 6 आणि 8 पेनीच्या तिकिटांवर ‘सरचार्ज पोस्टेज’ छापून केलेली कामचलाऊ तिकिटं, सगळं एका बेटात सापडतं. सुरुवातीची महाग आहेत, ती मागाहून घ्या. 1 पेनीच्या काळ्या ड्यू तिकिटापासून सुरू करा. काही घेण्याआधी शंका आली तर स्कॅन इथे टाका, मागच्या बाजूचाही.