मिंट १०२४ × ७६८ वर अडकलंय? आधी कन्व्हर्टरकडे बघा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: भांडुपला घरी जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, सेकंडहँड २२ इंची मॉनिटर आणला. कॉम्प्युटरला एचडीएमआय, मॉनिटरला व्हीजीए, म्हणून मध्ये कन्व्हर्टर. मॉनिटर १९२० × १०८० चा, पण सेटिंगमध्ये १०२४ × ७६८ च्या वर पर्यायच नाही आणि अक्षरं पसरट दिसतात. दोनदा मिंट नव्याने टाकून झालं.

तिसऱ्यांदा टाकू नका. मिंटचा यात बहुधा काही दोष नाही.

मॉनिटरच्या पोटात एक छोटी चिप असते. मी कोण, मला कोणकोणतं रिझोल्यूशन झेपतं, ही माहिती तिच्यात असते, या माहितीला ईडीआयडी म्हणतात. कॉम्प्युटर ती केबलमधूनच वाचतो. ती पोचली नाही, तर समोर कोण आहे हे त्याला कळत नाही, मग तो सांभाळून १०२४ × ७६८ देतो. व्हीजीएच्या १५ पिनांपैकी १२ आणि १५ नंबरच्या पिना या निरोपासाठी असतात. काही स्वस्त केबलींमध्ये त्यांच्या तारा जोडलेल्याच नसतात, आणि काही स्वस्त कन्व्हर्टर निरोप पुढे देतच नाहीत. चित्र मात्र येतं, म्हणून केबलवर कुणाला संशय येत नाही. (९ नंबरची पिन नसली तर घाबरू नका, ती बऱ्याच केबलींना नसतेच.)

मी स्वतः एका पावसाळ्यात यात तीन रात्री घालवल्या. ड्रायव्हर काढला, घातला, कर्नल (सिस्टिमचा गाभा) बदललं. शेवटी शेजाऱ्यांकडची केबल लावली, दोन मिनिटांत सगळं जागेवर.

तर आधी तपासा. टर्मिनलमध्ये नुसतं 'एक्सरँडर' (xrandr, स्क्रीनची रिझोल्यूशन दाखवणारी आणि बदलणारी कमांड) लिहून एंटर मारा. कनेक्टेडच्या ओळीत एचडीएमआय असं नाव आणि खाली दोनचारच रिझोल्यूशन दिसली, तर संशय कन्व्हर्टरवर. खात्री करायची असेल तर सिस → क्लास → डीआरएम या फोल्डरमध्ये आपल्या पोर्टच्या नावाच्या फोल्डरात ईडीआयडी नावाची फाइल आहे. ती यादीत कायम ० बाइटच दिसते, त्यावरून निष्कर्ष काढू नका, मीही एकदा फसलोय. 'डब्ल्यूसी' (wc) या मोजणाऱ्या कमांडला मायनस सी लावून बाइट मोजा. १२८ किंवा २५६ आलं तर माहिती पोचतेय, खरंच ० आलं तर नाही.

एचडीएमआयच्या जागी नुसतं 'डिफॉल्ट' असं नाव दिसलं, तर प्रकरण वेगळं. तुम्ही मिंट कम्पॅटिबिलिटी मोडमधून चालू केलं होतंत का? त्यात 'नोमोडसेट' हा पर्याय असतो, तो ग्राफिक्स ड्रायव्हरला बाजूला बसवतो. इंस्टॉल करताना चालतो, रोजच्या वापरात नको. ग्रबच्या (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगमधून काढा, 'अपडेट-ग्रब' चालवा. कुणी तो घालायला सांगितला, तर ऐकू नका.

आता तुमचा दुसरा मुद्दा: 'सीव्हीटी' (cvt, रिझोल्यूशनचे आकडे काढून देणारी कमांड) वापरून मोड बनवून एक्सरँडरला जोडला, तर 'कॉन्फिगर सीआरटीसी फेल्ड' आलं. याचं कारण आकड्यात आहे. साध्या सीव्हीटीने १९२० × १०८०, ६० हर्ट्झला पिक्सेल क्लॉक, म्हणजे ठिपके पाठवायचा वेग, १७३ मेगाहर्ट्झ येतो. ईडीआयडी नसताना बरेच ड्रायव्हर समोर साधा डीव्हीआय (एचडीएमआयच्या आधीचा डिजिटल पोर्ट) मॉनिटर आहे असं धरतात आणि १६५ च्या वर जात नाहीत. सीव्हीटीला मायनस आर लावा, तोच मोड १३८.५ मध्ये बसतो. मग एक्सरँडरला न्यूमोड, ॲडमोड आणि शेवटी आउटपुटला तो मोड, याच क्रमाने द्या. रीस्टार्ट केल्यावर हे पुसलं जातं, म्हणून तिन्ही ओळी एका छोट्या स्क्रिप्टमध्ये ठेवून ती स्टार्टअप ॲप्लिकेशन्समध्ये टाका.

हे एक्सवर (लिनक्समध्ये पडद्यावर चित्र काढणारी जुनी यंत्रणा) चालतं, मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप नेहमीच्या सेशनमध्ये एक्सवरच असतो. उबुंटूवाल्यांनो, तुमच्याकडे २१.०४ पासून बहुतेक ठिकाणी एक्सच्या जागी वेलँड आहे, तिथे एक्सरँडरने नवा मोड लागत नाही. ग्रबमधल्या कर्नलच्या ओळीत 'व्हिडिओ' पॅरामीटर द्यावा लागतो.

तरी माझं मत विचाराल तर स्क्रिप्ट हा जुगाड आहे, कन्व्हर्टर बदला. आणि मॉनिटरला मागे डीव्हीआय असेल तर कन्व्हर्टरच नको, एचडीएमआय ते डीव्हीआय साधी केबल घ्या. सिग्नल दोन्हीकडे डिजिटलच, निरोपही नीट जातो, अक्षरंही व्हीजीएपेक्षा ठसठशीत. मॉनिटर उलटा करून एकदा बघाच, सेकंडहँड घेताना मागची बाजू कोण बघतं!

कन्व्हर्टरच घ्यायचा झाला तर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जा, पण लॅपटॉप आणि मिंटचा पेनड्राइव्ह बरोबर न्या. काउंटरवरच दुकानातल्या एखाद्या व्हीजीए मॉनिटरला लावून एक्सरँडर चालवा. त्या मॉनिटरची पूर्ण यादी दिसली तरच पैसे द्या. दुकानदार 'विंडोजवर चालतो की साहेब' म्हणेल, म्हणू दे.