रोजच्या टर्बो पेट्रोल गाडीला रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवणं) करायचंय. फोर्ज्ड (दाबून घडवलेले, जास्त मजबूत) पिस्टन आणि त्यांना क्रँकशी जोडणारे रॉड लागतील का? (नागपूर)

नाही, मूळ टर्बो ठेवून साधारण १५-२० टक्केच ताकद वाढवणार असाल तर इंजिन उघडू नका. इंजिनकामच करतो, त्यावरून सांगतो: रॉड वाकतो तो बहुधा कमी आरपीएमला एकदम चढणाऱ्या टॉर्कने. म्हणून २५०० च्या खाली बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) आवरता ठेवायला ट्यूनरला बजावून सांगा. पिस्टनचा शत्रू नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून बसणारे ठोके. मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की वर्धा रोडच्या सिग्नलवर इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारा) तापून बसतो, आणि गरम हवेने नॉकिंग वाढतं. पैसे आधी मोठ्या इंटरकूलरवर आणि नॉकिंगला जास्त टिकणाऱ्या ९५ ऑक्टेन पेट्रोलवर घाला. फोर्ज्ड पिस्टन गार इंजिनात खडखडतात, रोज ऑफिसला जाणाऱ्याला ती कटकट कशाला? मोठा टर्बो बसवणार असाल तर मात्र रॉड-पिस्टन एकदमच बदला. क्लच बहुतेक रॉड-पिस्टन जाण्याआधीच घसरेल.